विश्वासू प्रवाशाचा अर्ज

बेळगावात 'सीमा' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात जी सीमा उभी राहते, तिच्याविषयी हा लेख नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. येथे विचार करावयाचा आहे तो देशादेशांमधील सीमेचा, आणि तीही विमानतळाच्या इमारतीत आडवी येणारी. परदेशात उतरणाऱ्या प्रवाशाच्या स्वागताला प्रथम कोणी उभे असेल तर ती रांग. अठरा-वीस तासांच्या प्रवासाने अंग आंबलेले, हातात पासपोर्ट, आणि पुढे शेकडो डोकी. टोकाला बसलेला अधिकारी प्रत्येकाला फिरून फिरून तेच चार प्रश्न विचारतो आहे. या रांगेतून सुटण्याचा एक रीतसर मार्ग आता निघालेला आहे. सरकारी परिभाषेत त्याला 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' म्हणतात. आपण त्याला विश्वासू प्रवाशांची योजना म्हणू.

राज्यशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे? मी आपण होऊन पडलो नाही. गेल्या गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बेंगळूरच्या एका संगणक कंपनीत तो आहे, आणि वर्षातून चार-पाच वेळा त्याला अमेरिकेला जावे लागते. मोदक खाऊन झाल्यावर त्याने पिशवीतून कागद काढले आणि म्हणाला, "सर, हा अर्ज तेवढा एकदा बघा की. एका प्रश्नापाशी अडलोय." तो प्रश्न कोणता ते पुढे येईलच. त्या एका प्रश्नामुळे मला ही सारी योजना मुळापासून वाचावी लागली, आणि वाचल्यावर असे वाटले की आमच्या वर्गांतून जी मुले उद्या परदेशी जाणार आहेत त्यांना हे आजच ठाऊक असावे.

कल्पना तशी नवी नाही. १९९३ साली अमेरिकेने न्यूयॉर्क आणि न्यूअर्क येथील विमानतळांवर 'इन्स्पास' नावाची योजना सुरू केली होती. तीत नोंदलेल्या प्रवाशाने यंत्रावर पंजा ठेवायचा. यंत्र पंजाचा आकार मोजून माणूस तोच की दुसरा ते ठरवी. आपल्याकडे हात पाहून लोक भविष्य सांगतात; ते यंत्र बिचारे फक्त नाव सांगत असे. पुढे २००१ च्या हल्ल्यांनंतर सीमेवरील तपासणीचे सारे तंत्रच बदलले. प्रत्येकाकडे सारख्याच संशयाने पाहायचे तर मनुष्यबळ पुरत नाही; तेव्हा ज्यांची माहिती आधीच पारखून ठेवता येईल त्यांना वेगळे काढावे आणि अधिकाऱ्यांचा वेळ उरलेल्यांसाठी राखावा, हा विचार बळावला. त्यातून ६ जून २००८ रोजी 'ग्लोबल एंट्री' ही योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २०१२ मध्ये ती कायम झाली. भारतीय नागरिकांना तिचे दार २०१७ च्या उन्हाळ्यात उघडले.

आपल्या देशानेही हा मार्ग धरला आहे. २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' सुरू झाला आणि १६ जानेवारी २०२५ पासून मुंबई, बेंगळूर, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, कोची व अहमदाबाद या विमानतळांवर तो नेण्यात आला. भारतीय पारपत्रधारक आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ओसीआय, कार्डधारक यांच्यासाठी तो आहे. संकेतस्थळावर अर्ज करायचा, कागदपत्रांची छाननी झाली की बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र द्यायचे. मग यंत्रद्वारापाशी पारपत्र व बोर्डिंग पास दाखविला आणि चेहरा जुळला की फाटक उघडते. नोंदणी पाच वर्षांची, पण पारपत्राची मुदत आधी संपत असेल तर तेवढ्यापुरतीच. त्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही, कारण तेथे आपल्याला पारखणारे सरकार आपलेच आहे आणि आपले बहुतेक कागद त्याच्याच कपाटात आहेत. खरी गंमत, किंवा खरी अडचण म्हणा, परक्या देशाने आपल्यावर विश्वास ठेवावा असे वाटू लागते तेव्हा सुरू होते.

'ग्लोबल एंट्री'चा क्रम असा. प्रथम अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमारक्षण खात्याच्या संकेतस्थळावर खाते उघडून अर्ज भरायचा. शुल्क पूर्वी १०० डॉलर होते, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते १२० डॉलर झाले. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही, हे पैसे भरण्यापूर्वी लक्षात घ्यावे. भारतीय नागरिकाला याखेरीज आपल्या पासपोर्ट सेवेकडे पार्श्वभूमी पडताळणीसाठी निराळा अर्ज करावा लागतो. म्हणजे दोन्ही सरकारे आपापल्या परीने माणूस पारखतात. सारे ठीक दिसले तर 'सशर्त मंजुरी' येते. त्यानंतर समक्ष मुलाखत. ती ठरलेल्या केंद्रावर देता येते, किंवा अमेरिकेत उतरल्यावर अनेक विमानतळांवर तेथल्या तेथेही देता येते. भारतातून जाणाऱ्याला ही दुसरी सोय अधिक उपयोगी. मुलाखतीत कामाधंद्याविषयी प्रश्न विचारतात, ठसे व छायाचित्र घेतात. सदस्यत्व पाच वर्षांचे असते. घरात प्रत्येकाचे सदस्यत्व वेगळे; तान्ह्या मुलाचेही. आईवडिलांपैकी कोणी सदस्य असेल किंवा सोबत अर्ज करीत असेल तर अठरा वर्षांखालील मुलांना शुल्क पडत नाही, पण अर्ज मात्र चुकत नाही. आणि या सदस्यत्वाने व्हिसाची गरज संपते असा जो समज मी दोन-तीन ठिकाणी ऐकला, तो निखालस चुकीचा आहे. व्हिसा लागतोच, आणि पारपत्र वा व्हिसा नवा झाला की त्याची माहितीही त्या खात्यात नोंदवावी लागते.

येथवरचे कोणीही एजंट सांगेल. पण अर्जातील रकाने आमच्या भागातल्या माणसाला कोठे कोठे टोचतात, ते एजंट सांगत नाही.

पहिला रकाना नावाचा. इंग्रजी पद्धतीत नाव आणि आडनाव असे दोनच कप्पे. आपण मराठी माणसे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिहेरी लिहितो. आमचे कन्नड मित्र पुष्कळदा गावाचे वा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावून एकच नाव लिहितात. ज्याच्या पारपत्रावर आडनावाची जागा कोरी आहे त्याच्या अमेरिकी व्हिसावर सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफ्‌ एन्‌ यू' ही तीन अक्षरे उमटतात. 'पहिले नाव अज्ञात' असा त्यांचा अर्थ. आईबापांनी हौसेने बारसे करून ठेवलेले नाव परदेशात अज्ञात ठरते! लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत तर याहून अवघड. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, पारपत्रावर तिसरे. अर्जात पूर्वीची सारी नावे विचारतात आणि ती सारी द्यावी लागतात. त्यात आपल्या गावाचे नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी दप्तरी बदलले, त्यामुळे एकाच माणसाच्या कागदांवर जन्मस्थळ 'बेळगाव'ही सापडते आणि 'बेळगावी'ही. माझा सल्ला एवढाच की पारपत्रावर जसे आहे तसे, अक्षराचाही फरक न करता लिहावे. येथे शुद्धलेखनाचा अभिमान उपयोगी पडत नाही.

दुसरा रकाना गेल्या पाच वर्षांतील पत्त्यांचा आणि नोकऱ्यांचा. मध्ये एका महिन्याचेही भगदाड चालत नाही. बेंगळुरात दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या तरुणांनी भाड्याचे करारपत्र रद्दीत घालू नये ते यासाठी. पाच वर्षांत कोणकोणत्या देशांना भेटी दिल्या तेही विचारतात.

आता तो प्रश्न, ज्याच्यापाशी माझा विद्यार्थी अडला होता. त्याचा आशय असा: आपण कधीही, कोणत्याही देशात, एखाद्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरला आहात काय?

"सर, आपली ती बसची केस आठवते का?" त्याने विचारले.

न आठवून कसे चालेल? बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. खेड्यांवरून येणाऱ्या मुलांची सकाळची बस बंद झाली होती. पहिला तास बुडतो म्हणून मुलांनी एके दिवशी रस्ता अडविला. पोलिसांनी सात जणांना नेले, बेकायदा जमावाचा गुन्हा नोंदविला, आणि काही महिन्यांनी कोर्टाचे बोलावणे आले. मुले घाबरून माझ्याकडे आली. परीक्षा तोंडावर होती. मीही तारखांना कंटाळलेला माणूस. मी त्यांना म्हणालो, "कबूल म्हणा, दंड भरा आणि मोकळे व्हा. बसची मागणी केली, चोरी नाही केली." सातही जणांनी कबूल म्हटले. माणशी तीनशे रुपये दंड झाला. दोघांकडे पैसे नव्हते, ते मी भरले. आणि त्याच वर्षी या मुलाला मी चारित्र्याचा दाखलाही लिहून दिला: माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली आहे. ते खोटे नव्हते. आजही तो दाखला मी जसाच्या तसा लिहीन.

परंतु कायद्याच्या दृष्टीने 'कबूल म्हणून दंड भरणे' म्हणजे 'मोकळे होणे' नव्हे. आमच्या मुलांनी हा भाग नीट लक्षात ठेवावा. कोर्टात गेलेल्या प्रकरणाचे शेवट निरनिराळे असतात. पुराव्याअभावी सुटका झाली, किंवा सरकारने खटला मागे घेतला, तर माणूस दोषी ठरत नाही. पण त्याने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी ते मान्य करून दंड केला, तर ती दोषसिद्धीच. मग दंड तीनशे रुपये असो की तीन रुपये. मोर्चा मराठीसाठी असो, कन्नडसाठी असो, फीवाढीविरुद्ध असो वा पाण्यासाठी असो, वही एकच असते. आमच्या गावात अशा वह्यांत नाव नसलेला कार्यकर्ता विरळा, आणि त्यांतले कितीजण केवळ तारखा चुकविण्यासाठी कबूल म्हणाले असतील, देव जाणे.

"मग पासपोर्ट कसा मिळाला याला?" असा प्रश्न स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने केला. प्रश्न मार्मिक होता, आणि त्याच्या उत्तरातच या विषयाचे मर्म आहे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला, आणि १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या खटल्याने हा हक्क हिरावण्याची पद्धतही न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे बजावले. हक्क म्हटला की नकाराची कारणे मोजकी असतात. पारपत्राच्या कायद्यातील सहाव्या कलमाप्रमाणे पूर्वीची शिक्षा आड येते ती नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल, कैद दोन वर्षांहून कमी नसेल आणि ती गेल्या पाच वर्षांतील असेल तर. तीनशे रुपयांचा दंड या चाळणीत कोठेच अडकत नाही.

विश्वासू प्रवाशाचे सदस्यत्व हा मात्र हक्क नव्हे. ती सवलत आहे. तेथे चाळणी उलटी. 'कधीही' आणि 'कोणताही' हे दोन शब्द तिच्यात आहेत. कोणत्याही गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेला, खटला चालू असलेला, कोणत्याही देशाचे सीमाशुल्काचे, शेतमालाचे वा परदेशगमनाचे नियम मोडलेला माणूस अपात्र ठरू शकतो, आणि अर्जात खोटी वा अपुरी माहिती देणारा तर ठरतोच. शिवाय धोका कमी आहे याबद्दल अधिकाऱ्याचे समाधान झाले पाहिजे. नकार मिळाल्यास फेरविचाराची विनंती करता येते, पण ती विनंतीच. वर्गात 'हक्क' आणि 'सवलत' यांतील भेद शिकविताना मी वर्षानुवर्षे रेशनचे उदाहरण देत आलो. यंदापासून हे देणार आहे.

सदस्यत्व मिळाल्यावरही ते टिकविणे सोपे नाही. आपल्या मंडळींच्या पिशवीत आईने घातलेले काही ना काही असतेच. ताजी फळे, रोपे, बियाणे, मांसाचे पदार्थ यांवर तिकडे कडक निर्बंध आहेत. पिशवीतला आंबा जाहीर केला तर फार तर तो काढून घेतील. न सांगता सापडला तर दंड आणि वर सदस्यत्व रद्द. साध्या रांगेतल्या माणसाला जी चूक एक आंबा आणि दंड एवढ्यावर भागते, ती विश्वासू माणसाला पाच वर्षांचा विश्वास गमावून भोवते.

विद्यार्थ्याकडे परत येतो. मी म्हटले, "खरे लिही. कोर्टातून हुकमाची नक्कल काढू. अधिकारी काय ठरवील ते ठरवो." यात मला काही कठीण वाटले नाही. कठीण पुढे होते. बोलता बोलता मी सहज विचारले, "व्हिसाच्या अर्जात याविषयी काय लिहिले होतेस?"

तो गप्प बसला. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जातही हा प्रश्न असतोच. किंबहुना तेथे अटकेविषयीही विचारतात, पुढे माफी मिळालेली असली तरी सांगा म्हणतात. "तो फॉर्म एका एजंटाने भरला, सर. मी शेवटचं बटण दाबलं. असल्या प्रश्नांना सगळे 'नाही'च टाकतात म्हणाला."

एजंट फॉर्म भरू शकतो. सही अर्जदाराचीच असते. तो शेवटचा बटणाचा दाब म्हणजे सही, आणि सहीवरची सारी विधाने त्याची. आता ग्लोबल एंट्रीच्या अर्जात 'होय' लिहावे तर आधीचे 'नाही' उघडे पडते, आणि 'नाही' लिहावे तर एका खोट्यावर दुसरे खोटे चढते. अर्ध्या तासाची रांग वाचवायला निघालेला मुलगा नोकरीच धोक्यात घालतो की काय असे मला झाले. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. एजंटाला दोष देणे सोपे होते. पण 'एवढ्याने काय होते, कबूल म्हणा' आणि 'एवढ्याने काय होते, नाही टाका' या दोन सल्ल्यांची जात मला एकच दिसू लागली, आणि त्यांतला पहिला माझा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्टात गेलो. जुन्या निकालाची प्रमाणित नक्कल मिळविण्यासाठी नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो; खटल्याचा क्रमांक ठाऊक असेल तर काम लवकर होते. आम्हाला तो ठाऊक नव्हता. सात जणांपैकी एकाच्या आईने दंडाची पावती देवघरातल्या पेटीत जपून ठेवली होती, तिच्यावर सापडला. तीन आठवड्यांनी नक्कल हाती आली ती कन्नडमध्ये. आमच्या कन्नड विभागातील सहकाऱ्यांनी एका दुपारी बसून तिचे इंग्रजी भाषांतर करून दिले. 'तप्पोप्पिगे' म्हणजे गुन्ह्याची कबुली, या शब्दासाठी त्यांनी तीन इंग्रजी पर्याय पारखले. कारण पोलिसांपुढचा कबुलीजबाब वेगळा आणि न्यायाधीशांपुढचे कबूल म्हणणे वेगळे. 'दंड' मात्र दोन्ही भाषांत दंडच. नंतर ते भाषांतर रीतसर प्रमाणित करून घेतले.

हे सारे कागद घेऊन तो परदेशगमनाच्या कायद्याच्या जाणकार वकिलाकडे गेला. वकिलाने सांगितले की ग्लोबल एंट्रीचा अर्ज तूर्त भरू नका. आधी पहिल्या अर्जातील चूक आपण होऊन दुरुस्त करा, आणि यापुढे प्रत्येक व्हिसाच्या अर्जात खरे उत्तर या नकलेसह द्या. तीनशे रुपयांचा दंड स्वतःहून मोठा नाही, लपवणे मोठे ठरू शकते, असे त्याचे म्हणणे पडले. प्रत्येक प्रकरण निराळे असते, तेव्हा हा सल्ला कोणी आपल्यासाठी परस्पर उचलू नये. पण अर्ज भरण्यापूर्वी जुने सर्व अर्ज काढून शेजारी ठेवावेत आणि मगच लेखणी उचलावी, एवढे मात्र सर्वांनी करावे.

आपल्या सरकारच्या योजनेत त्याने नाव नोंदविले, तेथे अडचण आली नाही. गेल्या महिन्यात बेंगळूरच्या यंत्रद्वारातून तो क्षणात बाहेर पडला. पलीकडे उतरल्यावर नेहमीच्या रांगेत एक तास दहा मिनिटे उभा होता; तेथूनच त्याने मला कळविले. व्हिसाचे नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे.

उरलेल्या सहा जणांपैकी चौघांचे पत्ते मला मिळाले आहेत. एकजण आखाती देशात आहे, एकीचे कॅनडाला जाण्याचे चालले आहे. चौघांनाही खटल्याचा क्रमांक आणि भाषांतराची एकेक प्रत पाठविली आहे. दोघांचा अजून शोध लागलेला नाही. त्या बॅचच्या कोणाला ठाऊक असल्यास राज्यशास्त्र विभागात कळवावे.